कागदाचा लगदा आणि मूर्तीचा धर्म

प्रत्येक द्रव्याला त्याचा त्याचा धर्म असतो, आणि तो धर्म ओळखून जो हात चालवितो त्यालाच आपण कारागीर म्हणतो. पाषाण छिन्नीला विरोध करतो आणि त्या विरोधातूनच पाषाणमूर्तीचे गांभीर्य उत्पन्न होते. लाकूड आपल्या रेषांच्या दिशेने चालावयास लावते. धातूचा रस साच्यात वाहतो आणि मेणाने जे जे टिपले असेल ते ते जपून ठेवतो. चिकणमाती बोटांची आज्ञा तत्काळ मानते, पण वाळेपर्यंत तिच्यावर लक्ष ठेवावे लागते. मग घरी भिजवून, कुटून, मळून केलेल्या कागदाच्या लगद्याचा धर्म कोणता?

हा प्रश्न विचारण्याची वेळ आता आली आहे. रद्दी कागदाचा लगदा करून त्याच्या मूर्ती घडवाव्या आणि त्या रंगवाव्या, हा उद्योग शाळांतून, महिलामंडळांतून आणि देवस्थानांच्या सभागृहांतूनही रुजू लागला आहे. त्याची प्रदर्शने भरतात, बक्षिसे दिली जातात, आणि ‘टाकाऊतून टिकाऊ’ हा शब्दप्रयोग उच्चारला की परीक्षण संपते. काटकसर हा गृहस्थाचा मोठा गुण आहे ह्यात शंका नाही. तथापि काटकसरीची स्तुती म्हणजे कलेची समीक्षा नव्हे. रद्दी वाचली म्हणून मूर्ती चांगली झाली, असे कोणी म्हणू लागल्यास त्याने मूर्तीकडे अद्याप पाहिलेलेच नाही, असे आम्ही समजू. म्हणून ह्या कलेकडे सहानुभूतीने, पण कलेच्याच दृष्टीने पाहण्याचा येथे आमचा मानस आहे.

लगदा आपल्या घरांना मुळीच नवा नाही. जुन्या गृहिणी झिजलेल्या टोपलीला व सुपाला कागद आणि भिजवलेली मेथी एकत्र वाटून त्याचा लेप देत असत. मेथीचा चिकटपणा कागदाचे तंतू बांधून ठेवी आणि तिच्या कडवटपणामुळे किडा लागत नसे. वेतामधल्या फटी बुजत, टोपली पुन्हा पीठ व धान्य ठेवण्याजोगी होई. त्या बायकांनी शिल्पशास्त्र वाचले नव्हते, पण लगद्याचा पहिला नियम त्यांना ठाऊक होता: हे द्रव्य दुसऱ्या कशाच्या तरी आधाराने उभे राहते. वेताचा सांगाडा आणि वर कागदाची कातडी, ही ती रचना. आजच्या पुष्कळ हौशी मूर्तिकारांना हा नियम माहीत नसतो, आणि त्यांची अर्धी फसगत तेथेच होते.

करण्याची रीत सोपी दिसते. वर्तमानपत्राचे किंवा जुन्या वह्यांचे कपटे रात्रभर, शक्य तर दोन दिवस, पाण्यात भिजत घालावे. उकळून, उखळात कुटून त्यांचा लगदा करावा. फडक्यात बांधून पाणी पिळून काढावे. मग त्यात खडूची पूड आणि पिठाची खळ, किंवा सरस, घालून पोळीच्या कणकेसारखा गोळा होईपर्यंत मळावे. ह्यात खोच अशी की लगद्याचे बळ कागदाच्या तंतूत असते. कुटल्याने तंतू मोकळा होतो, त्याला रवे फुटतात आणि वाळताना एक तंतू दुसऱ्यात गुंतून बसतो. यंत्राच्या पात्याने फार वेळ फिरविल्यास तोच तंतू तुटून आखूड होतो. लगदा दिसावयास गुळगुळीत, पण वाळल्यावर ठिसूळ होतो. खडू वाढवावा तितकी सफाई वाढते आणि चिवटपणा घटतो. खळ वाढवावी तितकी पकड वाढते आणि बुरशीला निमंत्रण मिळते.

दुसरी गोष्ट, लगदा वाळताना आक्रसतो. त्यातले पाणी गेले की त्याची जाडी कमी होते, आणि आतील भाग ओला व बाहेरील भाग सुका अशी स्थिती झाली तर भेग पडणारच. आपल्या किनारपट्टीवर तर ही अडचण दुप्पट होते. चवथीच्या मूर्तींचे काम श्रावणात चालते, आणि त्या दिवसांत कोकणातील व गोमंतकातील हवा इतकी दमट असते की भरीव घडविलेला गोळा आतून आठ-आठ दिवस वाळत नाही. बाहेरून रंग चढतो आणि आत बुरशी वाढते. म्हणून जाणता कारागीर बांबूच्या काड्यांचा किंवा चुरगळलेल्या कागदाचा गाभा करतो, त्यावर पातळ थर देतो, तो वाळू देतो, आणि मग दुसरा थर देतो. लगद्याच्या कामात घाई करणाऱ्याला क्षमा नाही.

आता ह्या गुणदोषांतून कोणते रूप निपजते ते पाहावे. लगदा हलका आहे, चिवट आहे, मोठ्या गोलाईला आणि रुंद पृष्ठाला अनुकूल आहे. तीक्ष्ण कडा, बारीक बोटे, नाजूक दागिने ह्यांना तो प्रतिकूल आहे. त्याची कड नेहमी किंचित बोथट व केसाळ राहते. तेव्हा ज्या कलाकृतीला आकार मोठा, वजन कमी आणि भाव ठळक हवा असतो, ती लगद्याची खरी कलाकृती होय. हे अनुमान तर्काने काढण्याची गरज नाही; आपल्या लोककलेने ते कधीच सिद्ध केले आहे.

जव्हार-मोखाड्याच्या डोंगराळ मुलखात बोहाडा नावाचा उत्सव होतो. गणपती, नरसिंह, रावण, मारुती अशा देवदैत्यांची सोंगे रात्रभर संबळाच्या तालावर नाचतात. हे मुखवटे पूर्वी लाकडाचे असत. पुढे लगद्याचे मुखवटे त्यांच्या जोडीला आले. लाकडाचा मुखवटा डोक्यावर बांधून नाचणाऱ्याला मानेचा भार सोसावा लागतो. लगद्याने तो भार हलका केला, आणि भार हलका होताच मुखवट्याचा आकारही मोठा होऊ शकला. डोळे वटारलेले, नाकपुड्या फुगलेल्या, ओठांची कड एका जाड रेषेने स्पष्ट केलेली, असा तो चेहरा टेंभ्याच्या उजेडात दूरवरून ओळखू आला पाहिजे. जवळून पाहिल्यास त्याचा पृष्ठभाग खडबडीत दिसेल. पण तो जवळून पाहण्यासाठी केलेलाच नाही. द्रव्य, रूप आणि प्रयोजन ही तिन्ही येथे एकमेकांशी भांडत नाहीत. उत्तम कलाकृतीची आमची व्याख्या ह्याहून फारशी निराळी नाही.

गोमंतकीय वाचकांना ह्याच जातीचे दुसरे उदाहरण घरचेच आहे. नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री गावोगावी नरकासुर उभा राहतो आणि पहाटे कृष्णाच्या हातून त्याचा वध होऊन तो जळून जातो. बांबूचा सांगाडा, गवत, गोणपाट, आणि वर कागदाची त्वचा, अशी त्याची घडण. तोंडासाठी मातीचा साचा करून त्यावर खळीने कागदाचे थर चिकटवीत आणि वाळल्यावर पोकळ तोंड उतरून घेत. ही रीत कुटलेल्या लगद्याहून थोडी वेगळी, पण एकाच कुळातली. नरकासुराचे तोंड जितके मोठे तितके चांगले. त्याला सौष्ठव नको, आवेश हवा. शिवाय तो एका रात्रीचा पाहुणा आहे. कागद जळतो हा अन्यत्र दोष ठरला असता. येथे तेच त्याचे भाग्य आहे. अलीकडे ह्या आकृतींना लोखंडी सांगाडे आणि कृत्रिम द्रव्यांचे तयार मुखवटे लाभू लागले आहेत. आकार वाढला, परंतु ज्या तरुणांनी पंधरा रात्री बसून कागद चिकटविला असता त्यांचा हात मात्र रिकामा राहिला. आणि जळताना जो धूर उठतो तो कागदाचा नसतो. त्यातच असुर तीस फुटांचा आणि कृष्ण कोपऱ्यात लहानसा, असे दृश्य दिसते तेव्हा उत्सवाचा अर्थच उलटा झाल्यासारखे वाटते.

लगद्यावर रंग कसा द्यावा, ह्याचा सर्वांत प्रगल्भ धडा काश्मीरात मिळतो. ही विद्या पंधराव्या शतकात सुलतान झैन-उल-आबिदीनच्या काळात मध्य आशियातून तेथे आली असे मानले जाते. तेथे काम दोन हातांत विभागलेले असते. एक जण कागद भिजवून, दगडी उखळात कुटून, तांदळाच्या खळीत मळून साच्यावर आकार घडवितो. ह्याला सख्तसाझी म्हणतात. दुसरा जण त्यावर चित्र काढतो, ती नक्काशी. दोहोंच्या मध्ये खडू व सरसाचे अस्तर चढते आणि घासून घासून ते हस्तिदंतासारखे गुळगुळीत केले जाते. आमच्या मते त्या कारागिरांचे शहाणपण ह्यात आहे की, आकार त्यांनी साधा ठेवला: डबी, वाडगा, तबक. लगद्याकडून त्यांनी फक्त शांत, हलका, सलग पृष्ठभाग मागितला आणि सारे वैभव कुंचल्यावर सोपविले. आपल्याकडील हौशी कलावंत अस्तराची ही पायरी बहुधा गाळतो. मग कागद रंग पिऊन टाकतो, रंग मळकट दिसतो, आणि तो उजळण्यासाठी वरून चकचकीत तैलरंगाचे थर दिले जातात. मूर्तीला कांती येण्याऐवजी ओली चमक येते.

आणि रंगच न दिला तर? ह्याचेही उत्तर एका मोठ्या भारतीय कलावंताने देऊन ठेवले आहे. सोमनाथ होर (१९२१–२००६) ह्यांनी १९७० नंतरच्या दशकात ‘जखमा’ ह्या नावाने ओळखली जाणारी कागदाच्या लगद्याची चित्रमालिका केली. मृदू पृष्ठावर शस्त्राने व उष्णतेने घाव घालायचे, त्याचा सिमेंटचा साचा घ्यायचा, आणि त्यात लगदा दाबून कागदच ओतून काढायचा, अशी ती रीत. पांढऱ्या पृष्ठावर पांढरेच व्रण. क्वचित कोठे तांबडा ठिपका. बंगालच्या दुष्काळाचा आणि हिंसेचा साक्षीदार असलेल्या माणसाने कागदाला त्वचा मानले आणि त्या त्वचेवर दुःख उमटविले. येथे लगदा कोणाचेही सोंग घेत नाही. तो कागदच आहे, आणि कागद म्हणूनच हृदयाला भिडतो.

ह्या कसोट्या हाती घेऊन आपण घरगुती लगद्याच्या गणेशमूर्तीकडे वळलो म्हणजे मन थोडे खट्टू होते. ह्या मूर्तीची सारी महत्त्वाकांक्षा शाडूच्या मूर्तीसारखे दिसण्याची असते. बोटे पाच दाखवावयाची म्हणून ती दाखविली जातात, आणि ती भेंडीसारखी जाड होतात. सोंडेचे वळण आधाराशिवाय घेतले जाते, आणि वळणाच्या आतल्या बाजूस भेग पडते. मुकुटावरील नक्षी लगद्यात उठत नाही म्हणून बाजारी मणी व टिकल्या चिकटविल्या जातात. शेवटी डोळ्यांची आखणी होते. आपल्या चित्रशाळांतून आखणीचे काम घरातील सर्वांत अनुभवी हात करीत असे, कारण मूर्ती पाहते की नुसती उघड्या डोळ्यांनी बसते, हे त्या दोन रेषांवर ठरते. खडबडीत, अस्तरहीन लगद्यावर ती रेषा थरथरते. मूर्ती बसलेली असते. पण ती पाहत नाही. करणाऱ्याची भक्ती उणी असते असे आम्ही मुळीच म्हणत नाही. द्रव्याला जे येत नाही ते त्याच्याकडून बळेच करवून घेतले, एवढेच आमचे म्हणणे आहे. तीच भक्ती लगद्याच्या स्वभावाला धरून चालली असती, मोठ्या उदराची, भरदार सोंडेची, हात अंगाशी घेतलेली, दोन-तीनच सपाट रंगांची मूर्ती घडली असती, तर ती शाडूची नक्कल न ठरता स्वतःच्या तेजाने शोभली असती.

येथवर कलेचा विचार झाला. पण आमच्या वाचकांच्या दृष्टीने मूर्ती ही केवळ कलावस्तू नसते. ती पूजाद्रव्यही असते. भागवताच्या अकराव्या स्कंधात प्रतिमेचे आठ प्रकार सांगितले आहेत: पाषाणाची, काष्ठाची, धातूची, लेपाची, चित्रित, वाळूची, मनोमय आणि रत्नमय. ह्यात कागदाचे नाव नाही, कारण कागद आपल्या देशात पुढे आला. तथापि चित्रित प्रतिमेस मान्यता असल्याने कागद अपवित्र आहे असे म्हणता येत नाही. गोमंतकात तर कागदावर रेखाटलेल्या गणपतीचे पूजन करणारी घराणी आहेत. परकीय सत्तेच्या धार्मिक छळाच्या काळात मातीची मूर्ती उघडपणे आणणे संकटाचे झाले, तेव्हा देव कागदावर आला आणि घरात लपून राहिला, अशी त्यामागची स्मृती आहे. त्या कागदाची बरोबरी कोणती सुवर्णमूर्ती करील? तेव्हा आमचा आक्षेप कागदाच्या पावित्र्याला नाही. प्रश्न विसर्जनाचा आहे.

चवथीच्या पूजेला पार्थिव पूजन म्हणतात. पृथ्वीची माती घ्यावी, तिच्यात देवाला आवाहन करावे, आणि पूजा झाल्यावर ती माती पाण्यावाटे पृथ्वीला परत द्यावी, हा त्या विधीचा आशय. माती पाण्यात माती होते. लगद्याचे काय होते? तो विरघळत नाही. त्याचे तंतू सुटे होऊन पाण्यात तरंगतात व तळाशी साचतात. तंतू आणि खळ कुजू लागली की ती पाण्यातील प्राणवायू शोषून घेतात. वाहत्या नदीत हे खपून जाईल. देवळाच्या तळीत, जेथे पाणी उभे असते आणि माशांना दुसरीकडे जाता येत नाही, तेथे ते खपत नाही. कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घातलेला असेल, तर विषाची त्यात भर पडते.

हा वाद केवळ तात्त्विक नाही. महाराष्ट्र शासनाने ३ मे २०११ च्या निर्णयाने कागदाच्या लगद्याच्या मूर्तींना उत्तेजन दिले होते. पुढे त्यांच्यामुळेही पाणी दूषित होते असे शास्त्रीय अहवाल पुढे आल्यावर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुणे येथील पीठाने २०१६ साली त्या धोरणाला स्थगिती दिली. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मे २०२० मध्ये सुधारित केलेल्या मार्गदर्शक सूचनांतही प्लास्टर ऑफ पॅरिसला मनाई करून नैसर्गिक मातीचाच पुरस्कार केलेला आहे. म्हणजे ज्या द्रव्याची आपण पर्यावरणाच्या नावाने भलावण करीत होतो, त्याची परीक्षा पर्यावरणाच्याच नावाने झाली आणि त्यात ते उणे ठरले.

कोणी म्हणेल, मग शाडू तरी कोठे निर्दोष आहे? तीही खणूनच काढावी लागते, महाराष्ट्रातील कारखान्यांसाठी ती गुजरातेतून वाहून आणावी लागते, आणि लहान जलाशयात तिचा गाळ साचतो. हा आक्षेप आम्हांस मान्य आहे. पण गाळ उपसता येतो आणि माती पुढील वर्षी पुन्हा मळता येते. गोमंतकातील चित्रशाळा तर मुख्यत्वे येथल्याच चिकणमातीवर चालत आल्या आहेत. तेथे दुरून माती आणण्याचा प्रश्नच गौण ठरतो. त्या चित्रशाळांतील घराणी वर्षातून दोन-तीन महिनेच ह्या कामावर जगतात. त्यांच्या मातीला पर्याय शोधण्यापूर्वी त्यांच्या मातीची किंमत ओळखणे आम्हांस अधिक न्याय्य वाटते.

तसेच ‘नैसर्गिक रंग’ ह्या शब्दानेही भुलून जाऊ नये. गेरू, पिवडी, खडू आणि काजळ हे रंग निरुपद्रवी आहेत खरे. पण हिंगुळात पारा असतो, हरताळात सोमल असतो, आणि शेंदुरात शिसे असते. जुने म्हणून निर्विष असे समीकरण मांडता येत नाही. पाण्यात जाणाऱ्या मूर्तीला पहिले चार रंग पुरेसे आहेत. किंबहुना चारच रंगांत मूर्ती रंगविण्याची शिस्त लागली तर आजची पुष्कळशी भडकता आपोआप ओसरेल.

तेव्हा लगद्याचे स्थान कोणते? आमचे उत्तर असे की, पूजेच्या चौरंगाभोवतीचे सारे अंगण त्याचे आहे. माटोळीखालचा देखावा, मखराचे खांब, गोकुळाष्टमीचे गोकुळ, दशावतारांच्या आकृती, सोंगांचे मुखवटे आणि दिवाळीचा नरकासुर ह्या सर्वांत त्याने निःशंक वावरावे. ह्या वस्तू एक तर वर्षानुवर्षे जपून ठेवता येतात, किंवा अग्नीला देता येतात; पाण्यात जाण्याची त्यांना गरज नसते. चौरंगावरची मूर्ती मात्र मातीची असावी. कोणाच्या घरी मुलाने हौसेने लगद्याचा गणपती केलाच, तर त्याला नाराज करू नये. पूजा करून त्याचे विसर्जन घरच्याच घंगाळात करावे आणि तो लगदा अंगणातील झाडाच्या मुळाशी घालावा. त्यात चकचकीत रंग व मोरचूद नसावा, एवढे आधीच पाहावे.

प्रदर्शने भरविणाऱ्या मंडळांना आणि देवस्थानांच्या महाजनांना आमची एक सूचना आहे. लगद्याच्या स्पर्धेत परीक्षकांनी कलाकृती प्रथम रंग देण्यापूर्वी पाहावी. तिचे वजन हातात घेऊन पाहावे, ती आतून वाळली आहे की नाही ते पाहावे, तिचा आकार दहा पावलांवरून वाचता येतो की नाही ते पाहावे. मगच अस्तर व रंग ह्यांचे गुण द्यावे. असे दोन वर्षे झाले तर मणी, टिकल्या आणि तैलरंग ह्यांच्याखाली झाकलेली कच्ची घडण कोणालाही फसविणार नाही, आणि ज्याच्या हातात खरोखर आकार आहे असा एखादा मुलगा किंवा मुलगी सर्वांच्या नजरेस येईल.

रद्दी कागद हे गरीब द्रव्य आहे, पण गरीबाला श्रीमंताचे कपडे चढवून त्याचा सन्मान होत नाही. लगद्याला लगदा म्हणून वागवावे; मग तो आपल्याला मुखवटे देईल, असुर देईल, गोकुळ देईल. मातीचे काम त्याने मातीकडेच राहू द्यावे.